चुकीचं ई-चलन आलंय? तक्रार कोण करू शकतं, कागद कोणते आणि अर्ज फेटाळला का जातो

जळगावात फुले मार्केटसमोर किंवा धुळ्यात पाचकंदीलला दहा मिनिटं गाडी लावली आणि संध्याकाळी मोबाइलवर चलन येऊन पडलं, असं सांगणारे रोज भेटतात. यातली बरीच चलनं बरोबर असतात, काही सरळसरळ चुकीची असतात. पण चुकीच्या चलनावरची तक्रारही फेटाळली जाते, कारण अर्जात राग भरपूर असतो आणि पुरावा नसतो. ‘माझ्यावर अन्याय झाला असून चलन रद्द करावे’ एवढ्यावर कुठलाच अधिकारी काही रद्द करत नाही.

सगळ्यात आधी एक सांगतो. तक्रार करायची असेल तर पैसे भरू नका. ‘आधी भरून टाकू, कटकट नको, मग भांडू’ हा आपल्याकडचा लाडका मार्ग इथे उलटा पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरला की प्रकरण तडजोडीने मिटलं असं धरतात, मग भांडायला काही उरत नाही. शिवाय राज्यात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगला पहिल्यांदा ५०० आणि त्यानंतर १५०० रुपये दंड आहे. चुकीचे ५०० मुकाट्याने भरले की पुढचं चलन दुसऱ्यांदाच्या दराने यायची वाट मोकळी होते.

तक्रार कुणी करायची

आरसी बुकावर ज्याचं नाव, त्याने. इथेच निम्मी मंडळी अडकतात. गाडी वडिलांच्या नावावर, एमएच १९ नंबरची, आणि चालवतो पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा. चलन पुण्यात फाटतं, मेसेज वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. कधी तर आरटीओत नोंदवलेला नंबर गाडी घेताना मधे असलेल्या एजंटाचाच निघतो. त्यामुळे परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर आपला चालू नंबर आहे का, हे आजच बघून घ्या. चलनं साचून आकडा पाच हजारांवर गेल्यावर ‘आम्हाला कळवलंच नाही’ हे कुणी ऐकत नाही.

मूळ मालक वारले असतील तर वारसाने आधी नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी. वर्षानुवर्षं आजोबांच्या नावावर गाडी फिरवणारी घरं खानदेशात कमी नाहीत.

आणि विकलेली गाडी. हे सगळ्यात वाईट प्रकरण. गाडी विकताना नमुना २९ आणि ३० या मालकी बदलाच्या अर्जांवर सह्या करून कागद घेणाऱ्याच्या हातात दिले, पैसे मोजून घेतले, विषय संपला असं आपण धरतो. घेणारा ते कागद आरटीओत नेतच नाही. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली स्पष्ट केलंय. त्यामुळे ‘गाडी मी विकली’ या तक्रारीला लागणारा कागद म्हणजे नमुना २९ ची आरटीओची पोच, आणि तीच कुणाकडे नसते. स्टँपवरची सौदापावती आधार म्हणून जोडा, पण तेवढ्यावर भागेल अशी आशा ठेवू नका. पोच नसेल तर आज तरी आरटीओला लेखी कळवा. मागचं सुटलं नाही तरी पुढचं थांबवायला सुरुवात होते.

फोटो बघा, मग लिहा

महाट्रॅफिक अॅपवर किंवा राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन फोटोसकट दिसतं. तक्रारीचा पर्याय तिथेच आहे. मजकूर लिहायचा, फाइल जोडायची, तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. एवढंच.

खरं काम फोटोचं. तो मोठा करून बघा. अमळनेरकडच्या एका आबांना पुण्याचं चलन आलं होतं. ‘पुनं मी देखेल बी नही!’ हे ते ज्याला त्याला सांगत होते, तक्रारीतही तेच लिहिलं होतं. ती फेटाळली गेली. फोटो मोठा केल्यावर दिसलं की गाडी स्कूटर आहे, आबांची मोटरसायकल. नंबरातल्या आठाच्या डाव्या बाजूला चिखल बसलेला, तो तीन म्हणून वाचला गेला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी आरसी, स्वतःच्या गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो आणि ‘चलनातील वाहन स्कूटर आहे, माझे वाहन मोटरसायकल आहे’ एवढं एक वाक्य पाठवलं. चलन रद्द झालं.

गाडी त्या वेळी दुसरीकडे होती असं म्हणायचं असेल तर कागद लागतो. चारचाकीला फास्टॅगचा उतारा चालतो. केळी, कापूस वाहणाऱ्या पिकअपवाल्यांकडे त्याहून चांगली चीज असते, ती म्हणजे वजनकाट्याची पावती. तिच्यावर गाडी नंबर, तारीख, वेळ सगळं छापलेलं असतं, आणि आपण ती डॅशबोर्डवर फेकून देतो. आपल्याच नंबरची दुसरी गाडी फिरतेय असं दिसलं तर आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करा आणि तिची पोच चलनाच्या तक्रारीला जोडा.

फोटो खाजगी मोबाइलवर काढलाय असा संशय असेल तर तसं स्पष्ट लिहा. पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, अशा सूचना राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ मध्ये दिल्या आहेत.

‘बोर्डच नव्हता’

हे म्हणणं कधी टिकतं, कधी नाही. फूटपाथ, झेब्रा पट्टे, चौकाचं तोंड, बसथांबा इथे बोर्ड असो-नसो, गाडी लावता येत नाही. तिथे वाद घालू नका. पण बाजारातल्या साध्या रस्त्यावर नो पार्किंग म्हणून दंड झाला, तर ती जागा नो पार्किंग ठरवणारा आदेश असायला हवा आणि फलकही. आदेशाची प्रत मागायला गेलात की पोलीस म्हणतात महापालिकेला विचारा, महापालिका म्हणते पोलिसांना विचारा. पार्किंगची जागा द्यायची कुणी, हा प्रश्न तर दोघांच्याही टेबलावर येत नाही, दंडाचं मशीन मात्र वेळेवर येतं.

तिथे तोंडी वाद न घालता माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. अमुक रस्त्यावरच्या नो पार्किंग आदेशाची प्रत आणि फलक लावल्याची नोंद, एवढंच मागा. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच अर्ज पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, तुम्हाला हेलपाटे घालायची गरज नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. चलनाची तक्रार मात्र त्यासाठी थांबवू नका. जागेचा फोटो त्याच दिवशी काढा, चार दिवसांनी गेलात तर नवा कोरा बोर्ड उभा असू शकतो.

मुदतीचे घोळ

‘सहा महिने काढले की चलन आपोआप बाद होतं’ असं चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगतात. ते अर्धवट आहे. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत फौजदारी कायद्यात आहे, पण उशीर माफ करायचा अधिकारही न्यायालयालाच आहे. आणि संगणकातलं चलन कुठेच जात नाही. ते थकीत म्हणून दिसत राहतं आणि गाडी विकायच्या वेळी नेमकं आडवं येतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७-अ मधले १५ दिवसही असेच उलटे वाचले जातात. ऑगस्ट २०२१ च्या त्या नियमात ती मुदत कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पाठवणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुमची मुदत नोटिशीवर छापलेली असते, तीच धरा.

व्हॉट्सअॅपवर चलनाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर अॅप बसवणारी फाइल, आली तर उघडू नका. ती सरकारी नसते, खातं रिकामं करणाऱ्यांची असते.

राहिली लोकअदालत. तिथे जायला हरकत नाही, पण काय मिळतं ते माहीत असू द्या. तिथे तडजोड होते, चूक कुणाची याचा निवाडा होत नाही. झालेल्या तडजोडीवर अपीलही नाही. चलन बरोबर आहे पण साचलेली रक्कम जड जातेय, अशांसाठी ती सोयीची आहे. चलनच खोटं आहे असं ठाम म्हणणं असेल तर तडजोडीवर सही करू नका. तक्रार फेटाळली गेली असली तरी प्रकरण न्यायालयात आल्यावर गुन्हा नाकबूल करायचा हक्क तुम्हाला आहे. तडजोड केलीत तर आदेशाची प्रत आणि पैसे भरल्याची पावती घेतल्याशिवाय आवारातून निघू नका. पुढे पोर्टलवर चलन थकीतच दिसत राहिलं, तर वाहतूक शाखेत हेच दोन कागद दाखवावे लागतात.