अडलंय कुठे, ते आधी पाहा

लिनक्सचा संगणक सुरू होईना, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मार आणि परत टाक." मला हा सल्ला पटत नाही. बंद पडलेल्या संगणकातला डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. बिघाड एखाद्या ओळीचा असतो. ती ओळ सापडायला संगणक नेमका कुठे अडला, एवढं नीट बघावं लागतं.

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रब नावाच्या बूटलोडरला हाक मारतं. ग्रब कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणतो. इथे एक गंमतशीर अडचण आहे. डिस्क वाचायला कर्नलला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर असतो त्याच डिस्कवर, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच! म्हणून ग्रब कर्नलसोबत 'इनिटरॅमएफएस' नावाची छोटी शिदोरीही मेमरीत ठेवतो. गरजेचे ड्रायव्हर त्यात असतात. खरी डिस्क जोडली गेली, की बहुतेक लिनक्समध्ये सिस्टिमडी नावाचा व्यवस्थापक प्रोग्रॅम सूत्रं हाती घेतो आणि बाकीच्या सेवा सुरू करतो.

यातला प्रत्येक टप्पा आपल्या भाषेत तक्रार करतो. स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' दिसलं, तर ग्रबला त्याच्याच फाइली सापडलेल्या नाहीत. 'कर्नल पॅनिक' आणि सोबत 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असेल, तर ती शिदोरी अर्धवट किंवा गायब असल्याची शंका घ्यावी. अपडेटच्या वेळी डिस्कवरचा बूटचा विभाग, म्हणजे कर्नल आणि ही शिदोरी ठेवायची जागा, भरलेला असला की असं होतं. अशा वेळी ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडला, तर संगणक बहुधा सुरू होतो.

माझ्यावर आलेला प्रसंग सिस्टिमडीच्या टप्प्यावरचा. रात्री मी दुसरी डिस्क फॉरमॅट केली. सकाळी स्क्रीनवर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत होत्या आणि शेजारी 1 मिनिट 30 सेकंदांची मुदत मोजली जात होती. मुदत संपली आणि संगणक 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन थांबला.

नाव घाबरवणारं आहे, पण ही सोय आहे. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड दिल्यावर हातात कमांड लाइन येते. 'जर्नलसीटीएल -एक्सबी' दिलं, की या बूटची सगळी नोंद समोर उलगडते. माझ्या नोंदीत एक डिस्क मिळत नसल्याचं लिहिलं होतं, आणि पुढे तिचा 36 अक्षरचिन्हांचा यूयूआयडी.

यूयूआयडी म्हणजे त्या विभागावरच्या फाइल सिस्टिमची ओळख. फॉरमॅट केलं की फाइल सिस्टिम नवी बनते आणि ओळखही नवी मिळते. पण कुठली डिस्क कुठे जोडायची, हे 'ईटीसी'मधल्या 'एफएसटॅब' फाइलीत लिहिलेलं असतं, आणि तिथे जुनाच क्रमांक होता. बिचारा संगणक अस्तित्वात नसलेल्या डिस्कची 90 सेकंद वाट पाहत होता.

'बीएलकेआयडी' कमांडने नवा क्रमांक मिळाला. नॅनो एडिटरमध्ये तो जुन्याच्या जागी लिहिला, रीस्टार्ट केलं, आणि डेस्कटॉप आला. (फाइल सेव्ह होत नसेल, तर रूट विभाग, म्हणजे लिनक्स ज्यावर आहे तो मुख्य विभाग, फक्त वाचण्यापुरता जोडलेला असतो, तो आधी लिहिता येईल असा रीमाउंट करावा लागतो.)

स्क्रीनवर नुसता लोगोच फिरत राहिला आणि काहीच कळेना, तर ग्रबच्या मेनूत 'ई' हे अक्षर दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द खोडा आणि एफ10 दाबा. झाकलेले सगळे संदेश दिसू लागतात. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे बिनधास्त करा.

आणि जी डिस्क नसली तरी संगणक चालायला हवा, तिच्या एफएसटॅबमधल्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय लिहून ठेवा. मग ती डिस्क सापडली नाही तरी सिस्टिमडी तिच्यासाठी थांबत नाही. माझ्या दुसऱ्या डिस्कच्या ओळीत तो आता आहे.