ज्युनिअर ड्रम कोर : भवितव्य

ज्युनिअर ड्रम कोर म्हणजे पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज फिरवणारे कलावंत यांचे युवकांचे संचलन-पथक. सदस्य साधारणपणे शाळेच्या वरच्या वर्गांतले आणि कॉलेजातले असतात. वयाची बावीस वर्षे पूर्ण झाली की पुढच्या हंगामात पथकात राहता येत नाही. ‘ज्युनिअर’ हे विशेषण वयापुरते आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही. या क्षेत्रातले सर्वांत अवघड वादन हीच मुले करतात. उगम आणि मुख्य प्रसार अमेरिकेत, काही प्रमाणात कॅनडात. मराठी वाचकाला चटकन ढोल-ताशा पथक आठवेल, आणि सरावातली चिकाटी पाहता ते चूक नाही. पण ढोल-ताशा मिरवणुकीबरोबर पुढे सरकतो. ड्रम कोर अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा रचलेला प्रयोग करतो, आणि परीक्षक त्याला शंभरपैकी गुण देतात, तेही दशांशाच्या पुढे मोजून.

या क्षेत्रात भविष्याविषयी बोलणे हा जवळजवळ एक स्वतंत्र छंद आहे. ‘आता हे संपणार’ असे भाकीत दर दहा वर्षांनी नव्याने केले जाते. ही भाकिते आणि प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गंमत दिसते. वाद बहुतेक वेळा वाद्यांवरून झाला, पथके मात्र पैशांअभावी बुडाली.

सुरुवात पहिल्या महायुद्धानंतरची. सैन्यात बिगुलाने इशारे देण्याची गरज हळूहळू संपत आली होती. घरी परतलेल्या सैनिकांच्या अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या संघटनांनी गावोगावी बिगूल आणि ढोलांची पथके उभी केली. कॅथलिक चर्चचे परगणे, बॉय स्काउटच्या शाखा, पोलिसांचे क्रीडा-संघ हेही त्यांचे आश्रयदाते झाले. न्यू जर्सीतल्या गारफिल्डचे कॅडेट्स (१९३४) एका चर्चच्या परगण्यातून निघाले. विस्कॉन्सिनचे मॅडिसन स्काउट्स (१९३८) नावाप्रमाणे स्काउट चळवळीतले, आणि बॉस्टन क्रुसेडर्स १९४० चे. मुलगा संध्याकाळी घरून चालत सरावाला जायचा आणि बिगूल पथकाच्या मालकीचा असायचा. या व्यवस्थेत वादनाचा दर्जा यथातथाच असे, पण आत शिरायला फारसे काही लागत नसे.

पहिली मोठी फूट १९७०–७१ च्या सुमारास पडली. स्पर्धांचे नियम, परीक्षण आणि मानधन सैनिकी संघटना ठरवत, आणि पथकांच्या संचालकांना ते जाचू लागले होते. मध्य-पश्चिमेतल्या पथकांनी एक आघाडी केली, पूर्वेकडच्यांनी दुसरी, आणि त्यांतून ड्रम कोर इंटरनॅशनल (डीसीआय) ही पथकांचीच संस्था उभी राहिली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनहाइम किंग्जमेनने ती जिंकली. त्या वेळचे आशावादी म्हणत होते, की कारभार आपल्या हाती आला म्हणजे पथके वाढतील. दर्जा खरोखरच वाढला. पथकांची संख्या मात्र शेकड्यांवरून घसरत गेली, आणि आज वरच्या ‘वर्ल्ड क्लास’ गटात वीस-बावीसच्या आसपास पथके उरली आहेत. पहिले विजेते किंग्जमेनही त्यांत नाहीत.

वाद्यांवरचे वाद मात्र याहून कितीतरी अधिक शाई खाऊन गेले. मूळ बिगुलाला स्वर बदलण्याची कळ, म्हणजे व्हॉल्व्ह, एकही नव्हती. मग एक व्हॉल्व्ह आला, सत्तरच्या दशकात दोन, १९९० मध्ये तीन. तरीही सगळी वाद्ये ‘जी’ या एकाच स्वराला बांधलेली असत, आणि त्यांचा कर्कश, छातीवर आदळणारा नाद हीच ड्रम कोरची ओळख मानली जाई. २००० पासून कोणत्याही पट्टीतली पितळी वाद्ये चालू लागली. त्यामुळे बाजारात सहज मिळणारी आणि हंगामानंतर विकता येणारी वाद्ये पथकांना घेता आली. म्हणजे या सुधारणेमागे कलेइतकाच हिशेबही होता. २००४ मध्ये ध्वनिवर्धनाला परवानगी मिळाली, २००९ मध्ये सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना, आणि २०१४ मध्ये ट्रॉम्बोनसह सर्व पितळी वाद्यांना. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या कुळाला तेव्हाही दार बंदच राहिले. प्रत्येक पायरीवर जुन्या मंडळींनी ‘आता हा नुसता मार्चिंग बँड झाला’ अशी हाकाटी केली.

त्यांचे दुःख खोटे नव्हते. जी-बिगुलांच्या भिंतीसारख्या रांगेचा आवाज आता ऐकायला मिळत नाही, आणि स्पीकरमधून येणारा गडगडाट त्याची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य करावे लागेल. पण भाकीत म्हणून ते चुकले. ओहायोतल्या कँटनचे ब्लूकोट्स २०१६ मध्ये लष्करी थाटाचा गणवेश आणि टोप बाजूला ठेवून, उतरत्या घसरगुंड्यांवर खेळत पहिल्यांदा विजेते झाले. प्रेक्षक पळाले नाहीत. पळाले असतीलच तर काही जुने बिगूलवाले, आणि त्यांतलेही बरेच पुढच्या वर्षी तिकीट काढून परत आले असावेत. पुढच्या काळासाठी आज जी भाकिते होतात, म्हणजे मैदानावर प्रकाशझोतांचा वाढता वापर, वाद्यांवर वायरलेस माइक, नाटकासारखे नेपथ्य, ती याच रेषेवरची आहेत आणि त्यांतली काही प्रत्यक्षात उतरलीही आहेत.

खरा पेच पैशाचा. मोठ्या पथकाचा उन्हाळा कसा जातो ते पाहिले की तो समजतो. थाप आणि फुंक यांची चाचणी हिवाळ्यात होते, मग महिन्याकाठी एखादे शिबिर, मे-जूनमध्ये एखाद्या कॉलेजच्या आवारात मुक्कामी तयारी. त्यानंतर ऑगस्टपर्यंत देशभर दौरा. रात्रभर बसने प्रवास, पहाटे एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथारी, दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी प्रयोग, पुन्हा बस. मागून वाद्यांचा ट्रक आणि चालते स्वयंपाकघर. दीडशेहून अधिक मुलांना दिवसातून चार वेळा जेवू घालायचे असते. सदस्यसंख्येची मर्यादा कितीतरी वर्षे १२८ होती, ती वाढवत वाढवत दीडशेच्या पुढे नेली गेली. डिझेल, विमा, शाळांची भाडी, संगीताच्या हक्कांचे शुल्क यांतले काहीच स्वस्त होत नाही.

चर्च आणि सैनिकी संघटना मागे सरल्यावर हा भार कोणी उचलायचा? कॅलिफोर्नियात काही पथकांनी बिंगोचे (हाउझीसारखे) खेळ भरवून त्यावर अनेक दशके काढली. काँकर्डचे ब्लू डेव्हिल्स, २०२३ पर्यंत २१ अजिंक्यपदे मिळवणारे, यांच्या यशामागे शिस्तबद्ध बिंगो-घराचाही वाटा आहे, आणि ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांपेक्षा इतर पथकांच्या खजिनदारांना जास्त ठाऊक असते. उरलेला भार सदस्यांवर येतो. एका उन्हाळ्याचे शुल्क कित्येक हजार डॉलर असते, आणि तेवढे दिवस कमाईही बुडते. चालत सरावाला जाणाऱ्या मुलाच्या जागी आता विमानाने चाचणीला येणारा संगीताचा विद्यार्थी आला. गावाचे नाव पथकाच्या पाटीवर राहिले. मुले गावची राहिली नाहीत.

यावर उपाय म्हणून आलेल्या कल्पनांपैकी दोन लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. इंडियानातल्या ब्लूमिंग्टनचे उद्योजक बिल कुक यांच्या पाठबळावर १९८५ मध्ये स्टार ऑफ इंडियाना हे पथक मैदानावर उतरले, १९९१ मध्ये विजेते झाले आणि १९९३ नंतर स्पर्धाच सोडून रंगमंचाकडे वळले. त्यातून घडलेल्या ‘ब्लास्ट!’ या प्रयोगाला २००१ मध्ये अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. ड्रम कोर हा पगारी व्यवसाय होईल, या आशेचे हे एकमेव ठसठशीत उदाहरण, आणि मागून फारसे कोणी त्या वाटेने गेले नाही. दुसरी कल्पना २०१० ची. सात बलाढ्य पथकांनी मांडले, की प्रेक्षक आमच्यासाठी येतात, तर मिळकतीचा आणि निर्णयांचा मोठा वाटा आमच्याकडे असावा. प्रस्ताव तसाच्या तसा मान्य झाला नाही. पुढच्या वर्षापासून निवडक पथकांचे ‘टूर ऑफ चॅम्पियन्स’ असे वेगळे कार्यक्रम तेवढे सुरू झाले. १९७१ च्या बंडखोरांचीच भाषा आता त्यांच्या वारसांविरुद्ध वापरली जात होती, ही बाब तेव्हाही अनेकांच्या नजरेतून सुटली नाही.

त्या सातांपैकी दोघांची पुढची कहाणी या वादावरचे सर्वांत कडवट भाष्य ठरते. सांता क्लारा व्हॅनगार्ड, २०१८ चे विजेते, आर्थिक अडचणींमुळे २०२३ च्या हंगामात मैदानावर उतरलेच नाहीत. २०२४ मध्ये ते परतले. दहा अजिंक्यपदे नावावर असलेले कॅडेट्स मात्र परतले नाहीत. २०१८ मध्ये त्यांच्या दीर्घकाळच्या संचालकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्याला पद सोडावे लागले. न्यायालयीन दावे आणि आटलेला निधी यांच्या ओझ्याखाली २०२४ च्या सुरुवातीला पथकाचा कारभार बंद झाला. त्या आरोपांनंतर सदस्यांची सुरक्षितता हा भवितव्याच्या चर्चेतला पहिला मुद्दा झाला, तोपर्यंत तो नव्हता. प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासणे, तक्रारीसाठी स्वतंत्र मार्ग ठेवणे, झोपेचे आणि पाण्याचे नियम पाळणे हे आता अपेक्षित आहे. कोविडमुळे २०२० चा हंगाम रद्द झाला आणि २०२१ मध्ये स्पर्धेविना प्रयोग झाले. दौऱ्याविनाही काहीतरी करता येते, हा धडा त्या दोन उन्हाळ्यांनी दिला. तो किती जणांनी घेतला, हे वेगळे.

आशेच्या जागा बहुतेक छोट्या आहेत. डीसीआयचा ‘साउंडस्पोर्ट’ हा उपक्रम पाच-दहा वादकांच्या गटालाही चालतो. त्यात देशभर दौरा नाही, मैदानही लागत नाही, आणि बाहेरच्या देशांतल्या गटांना ते परवडते. ‘ओपन क्लास’ची लहान पथके घराजवळचा, कमी दिवसांचा हंगाम करतात. प्रादेशिक स्पर्धांचे जुने जाळे पुन्हा विणावे, दौरा आखूड करावा, ही मागणी त्यांच्याकडे पाहूनच केली जाते, आणि ती या लेखातल्या सगळ्या भाकितांमध्ये सर्वांत शहाणपणाची आहे. जपान, नेदरलँड्स, ब्रिटन, इंडोनेशिया, थायलंड येथे ड्रम कोर किंवा त्याच्या जवळच्या मैदानी संचलन-वादनाचे स्वतंत्र विश्व आहे. केवळ मुलग्यांसाठी असलेल्या मॅडिसन स्काउट्सनी २०१९ मध्ये सर्वांना प्रवेश जाहीर केला, तेव्हा माजी सदस्यांत बरीच कुरकुर झाली. प्रौढांच्या पथकांची वेगळी संघटना २०२४ पासून डीसीआयच्या छत्राखाली ‘ऑल-एज’ गट म्हणून आली. ही पथके प्रामुख्याने शनिवार-रविवारी जमतात, दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही त्यांत जागा असते, आणि बाविशी उलटलेला ज्युनिअर वादक तिथे आपला ढोल पुन्हा गळ्यात घालू शकतो.

अंतिम स्पर्धा २००९ पासून इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये होते. २०२५ मध्ये तेथे बॉस्टन क्रुसेडर्स पहिल्यांदा अजिंक्य ठरले, स्थापनेनंतर ८५ वर्षांनी.