एक जोडी सापडली की चारशे समजा

खर्चकपातीवरून अमेरिकेतल्या एका महापौरांना परत बोलावण्यासाठी, म्हणजे मुदतीआधीच पदावरून हटवण्यासाठी, सह्या गोळा होताहेत, ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'आपणही लाखभर सह्या करू, मुंबईचा महापौर हटवू!' तसं होणार नाही. आपला महापौर नगरसेवक निवडतात, आणि मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यानुसार कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती असतात. अंदाजपत्रकही तेच मांडतात. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमावलीत, मात्र परत बोलावण्याची तरतूद १९०३पासून आहे.

मला त्यात खरी गंमत वाटते ती पुढची. लाखभर सह्या आल्या तर त्या तपासायच्या कशा?

शितावरून भाताची परीक्षा! लाखातून ५,००० सह्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या (वरचा गठ्ठा उचलायचा नाही, तो एकाच वस्तीतला असू शकतो) आणि मतदारयादीशी ताडायच्या. समजा, ४,३०० खऱ्या निघाल्या. म्हणजे ८६ टक्के, म्हणजे लाखात साधारण ८६,०००. चूक बहुधा हजारभराच्या आतच.

पण एकाच माणसाने दोनदा सही केली असेल तर? इथे शिताचा न्याय चालत नाही. अशी जोडी लक्षात यायला तिच्या दोन्ही सह्या नमुन्यात याव्या लागतात. एक सही येण्याची शक्यता विसात एक. दुसरीचीही जवळपास तेवढीच. दोन्ही एकदम येण्याची विसात एक गुणिले विसात एक, म्हणजे चारशेत एक. त्यामुळे नमुन्यात सापडलेली एकेक जोडी सगळ्या गठ्ठ्यातल्या सुमारे ४०० जोड्यांची खूण असते. चार जोड्या सापडल्या तर साध्या त्रैराशिकाने ८० जादा सह्या येतील. खरा अंदाज १,६०० चा. ८६,००० वरून आपण थेट ८४,४०० वर!

शिवाय हा अंदाज डळमळीत असतो. चारऐवजी दोन किंवा सहा जोड्या निव्वळ योगायोगानेही सापडू शकतात, कारण अशा विरळ घटनांच्या मोजणीतली चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. चारचं वर्गमूळ दोन, आणि दोन जोड्या म्हणजे ८०० सह्या. नमुना दुप्पट घेतला तर जोड्या चौपट सापडतात आणि अंदाज बराच सावरतो.

'एआय बोगस सह्या क्षणात पकडेल' असं हल्ली कुणीही छातीठोकपणे सांगतं. पण ५,००० कागदांत नसलेली जोडीदार सही कुठलंही यंत्र दाखवू शकत नाही. त्यासाठी उरलेले ९५,००० कागदच वाचावे लागतात.

कॅलिफोर्नियात राज्यपातळीवरच्या अर्जांसाठी म्हणूनच एक पट्टा आखला आहे. अंदाज गरजेच्या ९५ टक्क्यांहून कमी आला तर अर्ज बाद, ११० टक्क्यांच्या वर गेला तर मंजूर. मधे अडकला तर प्रत्येक सही तपासायची. समजा, ८५,००० हव्या होत्या, तर आपले ८४,४०० म्हणजे ९९.३ टक्के: सगळे गठ्ठे पुन्हा सोडा.