कललेल्या टोपलीचा पूर्वेतिहास

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचे ‘सफरचंदांची टोपली’ हे १८९३ च्या सुमाराचे तैलचित्र आहे. चुरगळलेल्या पांढऱ्या कापडावर लाल, पिवळी, हिरवट सफरचंदे पसरली आहेत, टोपली पुढे कलली आहे, मधली बाटलीही तिरकी आहे आणि मेजाची कड कापडाच्या एका बाजूला जिथे संपते, तिथून ती दुसऱ्या बाजूला पुढे सुरू होत नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी स्थिरचित्राचा सराव केलेल्या कोणालाही ही चूकच वाटेल. ती चूक का नव्हे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पाँपेई या प्राचीन रोमन शहरातील भिंतींवरही फळांनी भरलेली काचेची भांडी रंगवलेली आढळतात. पण स्वतंत्र चित्रप्रकार म्हणून स्थिरचित्र बहरले ते सतराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये. तिथे अर्धवट सोललेले लिंबू, घड्याळ किंवा फळावरचा किडका डाग यांतून आयुष्याची क्षणभंगुरता सुचवली जाई, त्यामुळे अशी चित्रे अर्थ लावत वाचण्याची सवय प्रेक्षकांना लागली. फ्रान्समध्ये मात्र कलाविषयक लेखक आंद्रे फेलिबियाँने तिथल्या राजाश्रित चित्रकला अकादमीच्या १६६७ च्या व्याख्यानांना जोडलेल्या प्रस्तावनेत चित्रविषयांची उतरंड मांडली आणि फळाफुलांना तळाशी बसवले. त्याच अकादमीने १७२८ मध्ये चित्रकार शार्दँला प्राणी आणि फळे रंगवणारा म्हणून सदस्यत्व दिले, तरी उतरंड काही हलली नाही. शार्दँची बरीच चित्रे १८६९ मध्ये ला काझ यांच्या संग्रहातून लूव्हरला मिळाली, आणि सेझानला शार्दँविषयी मोठा आदर होता.

सेझानच्या सफरचंदांचा संबंध त्याच्या शाळकरी दिवसांशीही जोडला जातो. पुढे कादंबरीकार झालेल्या एमिल झोलाची बाजू घेतल्याबद्दल त्याने मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी झोलाने त्याला सफरचंदांची टोपली आणून दिली, असे सेझानने उतारवयात सांगितल्याची नोंद आहे. आठवण हृद्य आहे, परंतु सगळा अर्थ तिच्यावर टांगणे मला पटत नाही, कारण त्याची खरी धडपड रंगातून घनता उभी करण्याची होती. फळांची मांडणी करताना तो त्यांच्याखाली छोटी नाणी सरकवून ती हव्या त्या कोनात टेकवत असे, हे एका तरुण चित्रकाराने स्वतः पाहिले होते. इतक्या काटेकोरपणे मांडणी करणाऱ्याच्या हातून मेजाची कड नकळत तुटली असेल, असे मानणे कठीण आहे. एकाच जागी खिळलेल्या डोळ्याने दिसणारे दृश्य त्याला नको होते. टोपलीकडे, ताटलीतल्या बिस्किटांकडे आणि बाटलीकडे नजर वेगवेगळ्या ठिकाणांहून जाते, आणि त्या हलत्या नजरेचे टप्पे त्याने एकाच कॅनव्हासवर ठेवले.

१८९५ मध्ये चित्रविक्रेता आंब्रवाझ व्होलारने पॅरिसमध्ये सेझानचे पहिले एकल प्रदर्शन भरवले, तेव्हा चित्रकार ५६ वर्षांचा होता. सेझान क्वचितच सही करत असे. ‘सफरचंदांची टोपली’ या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात मात्र त्याचे नाव आहे.