चॅनल जिग वापरण्याआधी: मिस्त्री आणि घरमालक, दोघांसाठी

तुम्ही आमच्याकडून ड्रॉवर चॅनलची जिग घेतलीत, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पोलादी पट्ट्या सरळ बसवायचा साचा. पहिला स्क्रू मारण्याआधी दहा मिनिटं काढून हे वाचा. काम मिस्त्री करणार असतील तर हा कागद त्यांच्या हातात द्या आणि तुम्हीही वाचा, कारण रोज तो ड्रॉवर ओढणार तुम्ही आहात.

जळगावात हे छोटं युनिट टाकण्याआधी मी स्वतः बरीच वर्षं मिस्त्रीकाम केलं. जिग बनवायचं डोक्यात आलं ते चोपड्याच्या एका घरातल्या कामामुळे. ओट्याखालचे अकरा ड्रॉवर होते आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती. घरात लग्न झालेल्या तीन मुली माहेरी येणार, म्हणून मावशींना स्वयंपाकघर त्याआधी तयार हवं होतं. टेपने मापं घेऊन, पेन्सिलीने खुणा करून मी रात्री उशिरापर्यंत चॅनल ठोकले. आठ ड्रॉवर चांगले चालले, तीन नाहीत. त्यातल्या एकात उन्हाळ्यातले बिबडे आणि कुरडयांचे डबे होते. सणाच्या दिवशी मी हिशोबाला गेलो तेव्हा मावशी डाव्या हाताने ओट्याची कड धरून, उजव्या हाताने तो ड्रॉवर हिसके देऊन उघडत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, अडकी जास, निंघत नही." रागावल्या नाहीत. मी ड्रॉवर काढून माप घेतलं. उजवा चॅनल डाव्यापेक्षा दोन मिलिमीटर वर होता आणि मागच्या टोकाला अजून थोडा चढला होता. टेपचं टोकाचं हुक वाकलेलं होतं. एका बाजूला मी हुक अडकवून मापलं होतं, दुसऱ्या बाजूला टेकवून.

दोन मिलिमीटर म्हणजे सूतभरसुद्धा नाही; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण टेलिस्कोपिक चॅनल तेवढंही सहन करत नाही. एकात एक सरकणाऱ्या त्याच्या पट्ट्यांमध्ये पोलादी छऱ्यांच्या ओळी असतात. दोन्ही बाजूंचे चॅनल एकमेकांना समांतर असले की छरे फिरतात आणि ड्रॉवर तरंगल्यासारखा येतो. समांतर नसले की छरे फिरण्याऐवजी घासतात, आणि वजन वाढलं की अडकतात. मग आपण चॅनलच्या कंपनीला दोष देतो. दुकानात परत आलेले बरेच चॅनल मी बघितलेत. त्यातले बहुतेक चांगले होते, बसवताना वाकडे बसले होते.

जिग एवढ्याच कामासाठी आहे: दोन्ही बाजूंना एकच उंची, समोरच्या कडेपासून एकच अंतर आणि त्या कडेशी काटकोन. टेप लागतच नाही. तिचा ओठ बॉक्सच्या, म्हणजे ड्रॉवर ज्यात बसतो त्या कपाटाच्या, समोरच्या कडेला टेकतो, तिच्या फूटभर लांब पायरीवर चॅनल बसतो, आणि आतलं चुंबक चॅनल धरून ठेवतं. तुमचे दोन्ही हात ड्रिलसाठी मोकळे राहतात. जोडीत डावा आणि उजवा असे दोन नग आहेत. अदलाबदल होऊ नये म्हणून उजव्यावर खाच पाडली आहे; अंधाऱ्या कपाटात बोटाने चाचपली तरी कळते.

पातळी बघायची लेव्हल बॉटल बाजूला ठेवा. हे ऐकून पुष्कळ जण थबकतात. आपल्याकडे काळ्या मातीवरची घरं आहेत. उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि जुन्या घराची फरशी कुठे ना कुठे बसलेली असते. बॉक्स फरशीप्रमाणे जरा कलला असेल आणि चॅनल तुम्ही बॉटलने लेव्हलमध्ये लावला, तर तो बॉक्सशी वाकडा बसतो; मग फ्रंटच्या, म्हणजे ड्रॉवरच्या समोरच्या फळीच्या, फटी एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला रुंद दिसतात. आधी बॉक्सखाली पाचर घालून बॉक्सच सरळ करा. त्यानंतर चॅनलचं नातं फक्त बॉक्सशी. चॅनल गुण्यात, म्हणजे बॉक्सशी काटकोनात हवा.

आता मापांचं. पैसा आणि प्लाय सगळ्यात जास्त इथेच वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाजूला लागणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी जागा लागते, आपल्या भाषेत चार सूत. दोन्ही बाजू मिळून एक इंच. म्हणून बॉक्सच्या आतल्या रुंदीतून २५.४ मिमी वजा केले की ड्रॉवरची बाहेरची रुंदी मिळते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती मायक्यात. बॉक्सच्या आतून ०.८ मिमीचा लायनर, म्हणजे आतला पातळ मायका, दोन्ही बाजूंना लागतो, ते झाले १.६ मिमी. ड्रॉवरला बाहेरून १ मिमीचा मायका लावला तर ते आणखी २ मिमी. एकूण ३.६ मिमी, सूतभराहून जास्त. हे मायका लावण्याआधी धरलं नाही तर तयार ड्रॉवर आत जातच नाही, किंवा कसाबसा जातो आणि चॅनल दाबून ठेवतो.

एक हिशोब करून दाखवतो. बाहेरून ४५० मिमी रुंद बॉक्स, प्लाय १८ मिमी. आतली रुंदी ४१४. लायनर वजा केला की ४१२.४. त्यातून चॅनलचे २५.४ गेले, उरले ३८७. अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवा, म्हणजे मायक्यासह ड्रॉवर ३८६.५. मायक्याशिवाय कोरा ड्रॉवर ३८४.५ मिमीचा जोडायचा. मायका विसरून केला असता तर तो ३८८.६ झाला असता.

आणखी एक. "पाऊण इंची" म्हणून घेतलेला प्लाय पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी असेलच असं नाही. बहुतेक वेळा १८ असतो, कधी त्याहूनही बारीक. प्रत्येक लॉटमधला एक तुकडा मापून बघा. आणि बॉक्स जोडून झाल्यावर आतली रुंदी समोर, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मापा. मागे रुंदी कमी असेल तर ड्रॉवर निम्मा आत गेल्यावर जड होतो. तो दोष जिग काढू शकत नाही, बॉक्सच सुधारावा लागतो. ड्रॉवर एखादा मिलिमीटर अरुंद असला तर चालतं, चॅनलच्या मागे मायक्याची कातरण घालून भरून काढता येतं. रुंद असला तर रंधा मारत बसावं लागतं, आणि मायका लावलेल्या ड्रॉवरला रंधा मारणं म्हणजे काय ते मिस्त्रींना सांगायला नको.

लांबी दुकानात इंचात सांगतात पण चॅनल मिमीत बनतो. "१८ इंची" चॅनल ४५० मिमीचा असतो, "२० इंची" ५०० मिमीचा. खरे १८ इंच म्हणजे ४५७. सात मिलिमीटरचा हा फरक उथळ बॉक्समध्ये महागात पडतो, कारण ड्रॉवर मागच्या फळीला टेकतो आणि फ्रंट बंद होत नाही. ओट्याखाली सहसा २० इंची बसतो. तरी आतली खोली मापल्याशिवाय चॅनल आणू नका.

बसवायचा क्रम

चॅनल पूर्ण ओढा. आतल्या पट्टीवर काळी प्लास्टिकची कळ दिसेल. एका बाजूची कळ वर उचला, दुसऱ्या बाजूची खाली दाबा, पट्टी निघून येते. ही पट्टी ड्रॉवरला लागते, उरलेला भाग बॉक्सला.

बॉक्समध्ये जिग लावा. फ्रंट बाहेरून येणार असेल तर जिगची पहिली रेघ वापरा, चॅनल कडेपासून ३ मिमी आत बसतो. फ्रंट आतमध्ये, बॉक्सच्या कडेला समपातळीत येणार असेल तर दुसरी रेघ. तिथे फ्रंटची पूर्ण जाडी मायक्यासकट आत सोडली आहे. कामाचा नमुना बदलला की रेघ बदलायला विसरू नका. एकाच ओट्यात सात ड्रॉवर बाहेरच्या फ्रंटचे आणि एक आतल्या फ्रंटचा असला की हमखास तोच चुकतो.

सगळ्यात खालचा ड्रॉवर असेल तर जिग थेट बॉक्सच्या तळावर टेकवा. वरच्या ड्रॉवरसाठी प्लायचा एक तुकडा हव्या त्या उंचीचा कापा, त्यावर जिग ठेवा आणि सगळ्यात वरच्या ड्रॉवरपासून सुरुवात करा. डावी बाजू झाली की तोच तुकडा उचलून उजव्या बाजूला ठेवा. दुसरा कापू नका, कितीही घाई असली तरी. वरची जोडी झाली की तोच तुकडा पुढच्या उंचीला छोटा करायचा आणि एक मजला खाली यायचं. शेवटच्या ड्रॉवरला तुकडा संपतो आणि जिग तळावर येते. दोन तुकडे कापले की पुन्हा टेपच्या चुकीत अडकलात.

स्क्रूचं भोक आधी २.५ मिमीच्या बिटने पाडा. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवा. १८ मिमीच्या प्लायला ३.५ बाय १६ मिमीचा स्क्रू पुरतो. ड्रॉवरची बाजू १२ मिमीची असेल तर त्याहून आखूड स्क्रू घ्या. आत निघालेलं टोक पहिल्यांदा कोणाच्या तरी बोटाला लागतं, आणि बहुधा लहान मुलाच्या. पहिले स्क्रू लांबट भोकांत मारा, पूर्ण आवळू नका. लांबट भोकं सरकवायला दिलेली असतात. ड्रॉवर चालवून बघितला, फटी जुळल्या, की मग गोल भोकांत स्क्रू मारून पक्कं करा. स्क्रूचं डोकं पूर्ण बुडायला हवं. नखाने चाचपा. डोकं जरा वर राहिलं तरी मधली पट्टी त्यावर घासते, खर्र आवाज येतो, आणि लोक तेलाची बाटली शोधतात.

ड्रॉवरच्या बाजूला पट्टी लावताना तीच जिग उलटी वापरा, ओठ ड्रॉवरच्या तळाला अडकवून. उंचीचं गणित जिगच्या दोन पायऱ्यांमध्ये आधीच घातलेलं आहे, म्हणून दोन वेगवेगळ्या जिगच्या पायऱ्या एकत्र वापरू नका.

ड्रॉवर आत घालण्याआधी एक गोष्ट नक्की करा. बॉक्समधल्या चॅनलची छऱ्यांची जाळी बोटाने ओढून पुढच्या टोकाला आणा, दोन्ही बाजूंची. मग पट्ट्या एकाच वेळी सरळ घाला. जाळी मागे राहिली आणि जोर केला तर प्लास्टिक चिरडतं, छरे ओट्याखाली पसरतात, आणि तो चॅनल संपला. पहिल्यांदा घालताना ड्रॉवर शेवटी थोडा जड लागतो, एकदा नेटाने ढकलला की पुढे हलका होतो. वाटेतच अडला तर मात्र जोर करू नका, बाहेर काढून बघा.

फ्रंट सगळ्यात शेवटी. दोन फ्रंटमध्ये ३ मिमी फट ठेवा, त्यासाठी डब्यात दोन चकत्या दिल्या आहेत.

बसवल्यावर काही बिघडलं तर

ड्रॉवरची एक बाजू आधी येते आणि दुसरी मागून, तर चॅनल समांतर नाहीत किंवा ड्रॉवर स्वतःच गुण्यात नाही. ड्रॉवरचे दोन्ही कर्ण मापा. सारखे असतील तर दोष चॅनलमध्ये शोधा. ड्रॉवर आपोआप उघडत असेल तर बॉक्स पुढे कलला आहे, चॅनल सोडून पायाकडे बघा. सॉफ्ट-क्लोज, म्हणजे ड्रॉवर आपोआप हळू बंद करणारा चॅनल, शेवटच्या दोन इंचांत ओढून घेत नसेल तर जवळजवळ नेहमी बाजूची जागा कमी पडलेली असते. सॉफ्ट-क्लोजचं स्प्रिंग नाजूक असतं, घासणाऱ्या ड्रॉवरला ते ओढू शकत नाही. महाग चॅनल घेऊन काम घाईत केलं की पैसे तिथेच बुडतात.

चॅनलला खोबरेल, मशिनचं तेल, काहीही घालू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा फुपाटा खिडकी बंद असली तरी घरात येतो, आणि तेलकट छऱ्यांवर तो चिकटून खरजेसारखा थर बसतो. बसवताना पडलेला भुसा ब्रशने काढा, वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. त्यापुढे चॅनलला काही लागत नाही.

कशाला ही जिग चालत नाही तेही सांगायला हवं. ड्रॉवरच्या खालून लागणाऱ्या चॅनलला ती बसत नाही. तीन फुटांहून रुंद ड्रॉवर बाजूच्या चॅनलवर नीट बसवले तरी ओढताना तिरके होतात. असे ड्रॉवर दोन भागांत करा, आम्ही तोच सल्ला देऊ. आणि जुने सागवानी खण, लाकडी पट्टीवर सरकणारे, त्यांना कृपया चॅनल लावू नका. सातपुड्यातल्या सागाचं एखादं जुनं टेबल घरात असेल तर त्याचा खण पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात सैल होतो, ते त्या लाकडाचं चालणं आहे. चॅनलसाठी त्याच्या दोन्ही बाजू मिळून एक इंच कापला तर खण कायमचा गेला. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, पट्टीवर मेणबत्ती घासा. तेवढं पुरतं. असं टेबल घेऊन कोणी आलं तर आम्ही त्यांना जिग विकत नाही.

जिग पडली तर तपासा. प्लायच्या सरळ कडेला तिचा ओठ टेकवून पायरीच्या कडेने बारीक रेघ मारा. मग जिग उलटी करून त्याच कडेला टेकवा, पायरी रेघेच्या सुरुवातीला लावा आणि दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर जिग गुण्यात आहे. टोकाला फाकल्या तर वापरू नका, आमच्याकडे घेऊन या. आमच्या टेबलावर तपासून सरळ करून देऊ, नाही झाली तर बदलून देऊ. बिल सापडत नसेल तरी या. उजव्या नगाची खाच बघून आम्ही आमची जिग ओळखतो.