गोळी आधी आली, माहिती मागून: हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला काय आणि कधी सांगितलं गेलं

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे; त्यात हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही आणि अंगात पाणी साठून सूज आणि वजन वाढतं. अशा रुग्णाकडून आज बरीच अपेक्षा असते. रोज सकाळी वजन करायचं, नडगीवर बोट दाबून खड्डा पडतो का पाहायचं, मीठ मोजायचं, चार-पाच प्रकारच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि वजन एकाएकी वाढलं तर दम लागायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. यातली बहुतेक कामं एकेकाळी डॉक्टर आणि नर्सच करत. कामं रुग्णाच्या गळ्यात पडली, पण ती करायला लागणारी माहिती बरीच मागे राहिली.

या आजाराचं पहिलं नावाजलेलं औषध मुळात घरगुतीच होतं. १७७५ साली इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीच्या काढ्याबद्दल डॉ. विल्यम विदरिंग यांना मत विचारण्यात आलं. अंगावरची सूज उतरवणाऱ्या त्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली फॉक्सग्लव्हच कामाची, हे विदरिंगनी ताडलं आणि दहा वर्षांनी, १७८५ मध्ये, त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली सूचना नेमकी आहे: लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसेपर्यंत औषध द्या आणि दिसताच थांबवा. मात्र ती लिहिली होती डॉक्टरांसाठी. घरातून निघालेलं ज्ञान दवाखान्यात गेलं आणि पुढची पावणेदोनशे वर्षं बहुतांशी तिथेच राहिलं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लघवी वाढवण्यासाठी पाऱ्याची इंजेक्शनं होती. रुग्णाने अंथरुणात पडून राहायचं आणि ठरल्या दिवशी इंजेक्शन घ्यायचं. त्याला काही कळण्याची गरजच नव्हती. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याच कामाची, लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी आली आणि चित्र पालटलं. तासाभरात सुरू होणारा आणि सहा-आठ तास टिकणारा तिचा परिणाम आता रुग्णाच्या घरात, त्याच्या दिवसाच्या मधोमध घडू लागला. एसटीने तालुक्याला जायचं असेल त्या दिवशी माणूस ही गोळी सरळ चुकवतो, कारण वाटेत गाडी कोण थांबवणार? डॉक्टरांना विचारून त्या दिवशी ती मुक्कामी पोचल्यावर किंवा दुपारी घेता येते, एवढं एक वाक्य सांगितलं तर गोळी चुकत नाही. ते वाक्य चिठ्ठीवर क्वचितच असतं. चिठ्ठीवर असतं ‘१-०-०’, म्हणजे सकाळी एक, दुपारी आणि रात्री नाही.

पुढे औषधं वाढत गेली. १९८७ मध्ये रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या एनालाप्रिलचा फायदा सिद्ध झाला, १९९९ मध्ये बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या) आणि स्पायरोनोलॅक्टोन या आणखी एका लघवीच्या गोळीचा. गंमत अशी, की त्याआधी कित्येक वर्षं हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देऊ नयेत असंच शिकवलं जाई. विश्रांतीचंही तसंच: आधी सक्तीने झोपवून ठेवत, आता झेपेल तेवढं रोज चाला म्हणतात. जुनी पुस्तकं आणि इंटरनेटवरची पानं मात्र जागची हलत नाहीत. घरातल्या एखाद्याने वाचून ‘ही गोळी हार्टला वाईट’ असं जाहीर केलं, की गोळी बंद होते. ते कधीकाळी खरं मानलं जात होतं, म्हणूनच ते खोडणं अवघड जातं.

रुग्णाला शिकवणं हाही उपचारच आहे, हे १९९५ मध्ये आकड्यांनी दाखवलं गेलं. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये सत्तरीच्या वरच्या २८२ रुग्णांपैकी निम्म्यांना नर्सच्या पुढाकाराने शिकवणी, आहाराचा सल्ला आणि घरी पाठपुरावा मिळाला. नव्वद दिवसांत त्यांचे पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग ५३ होते, उरलेल्यांचे ९४. मग रुग्णालयांना घाई झाली. अमेरिकेत गुणवत्ता मोजण्यासाठी डिस्चार्जच्या कागदावर सहा गोष्टी हव्यात असं ठरलं: हालचाल, आहार, पुढची भेट, औषधं, वजन आणि त्रास वाढल्यास काय करायचं. त्यात मोजलं जाई ते सूचनांचा कागद दिला की नाही. समजला का, ते नाही. सगळा घोळ इथेच आहे, आणि आपल्याकडेही तो जसाच्या तसा आला.

‘समजलं का’ हे मोजल्यावर काय दिसलं? २०११ मध्ये कोलोरॅडोतल्या १४९४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न तीनच होते: रुग्णालयाचे कागद वाचायला कुणाची मदत लागते का, लेखी माहितीमुळे आजार समजायला अडचण येते का, फॉर्म स्वतः भरण्याची खात्री वाटते का. सुमारे १७.५ टक्के रुग्ण कमी आरोग्य-साक्षरतेच्या गटात निघाले. पाठपुराव्याच्या काळात त्यांच्यातले १७.६ टक्के दगावले, इतरांमधले ६.३ टक्के. वय, इतर आजार वगैरे हिशेबात धरूनही फरक उरला. २०१२ च्या दुसऱ्या एका चाचणीत ६०५ रुग्णांपैकी काहींना एकदाच शिकवलं, काहींना फोन करून वर्षभर. एकूण गटात फरक पडला नाही, पण वाचनात कच्च्या असलेल्यांना वारंवार शिकवण्याचा फायदा झाला. म्हणजे एकच पुस्तिका सगळ्यांच्या हातात ठेवणं हे मुळातच चुकीचं गणित.

भारतात पेच आणखी गुंतागुंतीचा आहे. १६ देशांच्या एका अभ्यासात (२०१२ ते २०१४) हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचा वर्षभरातला मृत्युदर भारतात २३ टक्के होता, चीनमध्ये ७ टक्के. याची कारणं अनेक आहेत, पण माहितीची वाट हे त्यातलं एक असणार. केसपेपरच्या प्रती रुग्णाला द्याव्याच लागतील, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी मागणीनंतर ७२ तासांची मुदत घातली. कागद हातात आला, पण इंग्रजीत. तो वाचतो मुलगा, औषधं आणतो जावई आणि मीठ असतं स्वयंपाक करणाऱ्या सुनेच्या हातात. तिला डॉक्टरांसमोर कुणी बसवतच नाही.

‘मीठ कमी’ याचा अर्थ बहुतेक घरांत ‘वरून मीठ नको’ असा होतो. मीठदाणी ताटापासून लांब जाते. पापड, लोणचं, सुकी मासळी, खारी, फरसाण तसंच राहतं. सैंधव चालतं अशी समजूत असते. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. सगळ्यात धोकादायक सल्ला ‘कमी सोडियमचं मीठ’ वापरण्याचा. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिल चालू असताना रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

वजनाचंही असंच. युरोपीय सल्ला तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढीचा, अमेरिकी सल्ला दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंडांचा. मोबाइलवर दोन्ही सापडतात आणि पौंडांचे किलो कुणी करत नाही. काट्यावर सुई असेल तर तिरकं पाहिल्याने किलोभराचा फरक सहज पडतो; मग दोन किलोंचा नियम फुकट. डिजिटल काटा, खाली सतरंजी न घालता सपाट फरशीवर, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. जमीन सारवलेली असेल तर काट्याखाली कडाप्प्याचा तुकडा. आकडा कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिला की मागचे तीन दिवस एका नजरेत दिसतात.

मूळ सल्लेही बदलताहेत. २०२२ मध्ये ८०६ रुग्णांच्या चाचणीत सोडियम दिवसाला १५०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला सांगूनही मृत्यू किंवा दाखल होणं लक्षणीय घटलं नाही, फक्त जगणं थोडं सुसह्य झालं. २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५०४ स्थिर रुग्णांच्या चाचणीत पाणी दीड लिटरवर बांधून ठेवल्याने ठोस फायदा दिसला नाही. तहान मात्र वाढली. सूज असलेल्या किंवा नुकत्याच दाखल झालेल्या रुग्णाला हे लागू नाही. तरीही ‘पाणी दीड लिटर’ ही ओळ डिस्चार्ज कार्डांवर आधीच छापलेली असते, रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहता.