सर्व्हरची फाईल झाल्यापासून

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि त्या दिवसांत सर्व्हर रूमला सर्वांत मोठी धास्ती असते ती एसी बंद पडण्याची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्यातही हिशेबासाठी एक, ई-मेलसाठी एक, हजेरीसाठी एक असे वेगवेगळे सर्व्हर ठेवण्याची रीत होती. त्यांचे प्रोसेसर दिवसातला बराच वेळ रिकामे असत, पण वीज, यूपीएस आणि गारवा मात्र प्रत्येकाला पूर्ण लागे. एका दणकट सर्व्हरवर दहा-बारा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, रोजच्या बोलण्यातले ‘व्हीएम’, चालवण्याची पद्धत आपल्याकडे रुजली त्यामागे हे साधे गणित होते. या व्हीएमची व्यवस्था आणि राखण कशी करावी याचे आजचे नियम कोणत्या अडचणींतून घडले, ते या टिपणात मांडले आहे.

मूळ कल्पना मेनफ्रेमच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकांच्या, काळातली आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० ही प्रणाली तयार झाली. एकाच संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हाती स्वतंत्र, संपूर्ण संगणक आहे असे ती भासवत असे. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केले आणि १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेच्या अटी शास्त्रशुद्धपणे मांडल्या. त्यांतील एक अट अशी, की यंत्राच्या साधनसामग्रीवर पूर्ण ताबा नियंत्रक प्रोग्रामचा, म्हणजे आजच्या भाषेत हायपरव्हायझरचा, असला पाहिजे. ही अट पुढे संरक्षणाच्या दृष्टीने फार जड ठरली.

पेंटियमसारखे इंटेलचे एक्स८६ घराण्यातले प्रोसेसर या अटींत बसत नव्हते. २००० साली झालेल्या एका अभ्यासात पेंटियमच्या अशा १७ आज्ञा दाखवण्यात आल्या, ज्या हायपरव्हायझरला न कळवता परस्पर काम उरकत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने त्या आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती काढली आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स हा हायपरव्हायझर आणला. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय करून दिल्यावर हा मार्ग सर्वांना खुला झाला. केंब्रिज विद्यापीठातून आलेले झेन, २००७ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये सामील झालेले केव्हीएम आणि २००८ मधील मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही ही हायपरव्हायझरची नावे याच काळातली.

पण व्यवस्थापकाच्या दृष्टीने खरा बदल निराळाच होता. सर्व्हर आता फाईल झाला होता. त्याची डिस्क, त्याची मेमरी, त्याची रचना हे सारे एका फोल्डरमध्ये मावू लागले. २००३ मध्ये आलेल्या व्हीएमवेअरच्या व्हीमोशन या सोयीमुळे चालू व्हीएम बंद न करता एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागले आणि दुरुस्तीसाठी रविवारची रात्र राखून ठेवण्याची सक्ती सुटली. जे सहज नेता येते ते सहज वाढतेही. नवा सर्व्हर घ्यायला पूर्वी खरेदीची मंजुरी लागे, नवे व्हीएम काढायला दहा मिनिटे पुरत. चाचणीसाठी काढलेले आणि मग कोणाचेच न राहिलेले व्हीएम सुरक्षेच्या अपडेटविना वर्षानुवर्षे चालू राहते, हे दुखणे तेव्हापासूनचे आहे.

बॅकअपची जुनी पद्धतही इथे अपुरी पडली. प्रत्येक सर्व्हरमध्ये एजंट, म्हणजे बॅकअप घेणारा छोटा प्रोग्राम, बसवून रात्री एक वाजता सगळ्यांचा बॅकअप सुरू करायचा, ही रीत वेगळी यंत्रे असताना ठीक होती. एकाच यंत्रावरील बारा व्हीएमनी एकाच वेळी डिस्क वाचायला घेतली की सगळेच रखडे. २००९ मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४ या आवृत्तीसोबत शेवटच्या बॅकअपनंतर बदललेले भागच वेचून घेण्याची सोय आली आणि तासांचे काम मिनिटांवर येऊ लागले. या साऱ्याचा पाया स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणे, हा आहे, आणि गैरसमजही सर्वाधिक त्याच्याविषयीच आहेत.

स्नॅपशॉट घेताच मूळ डिस्कवर लिहिणे थांबते आणि पुढचे सारे बदल शेजारच्या एका नव्या फाईलमध्ये साठू लागतात. मूळ डिस्क गेली तर ती फाईल एकटी निरुपयोगी आहे. म्हणून स्नॅपशॉटला बॅकअप मानू नये आणि तो ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअरचेच सांगणे आहे. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी पाहिलेली स्थिती अशी होती : हिशेबाचे व्हीएम सकाळी अचानक थबकले होते. स्टोरेज उघडले तर मूळ डिस्कच्या शेजारी, नावाला ०००००१ असा शेपटा जोडलेली फाईल जवळजवळ मूळ डिस्कएवढीच फुगलेली दिसली आणि मोकळी जागा शून्य होती. सात महिन्यांपूर्वी अपडेटच्या आधी कोणीतरी ‘सुरक्षेसाठी’ घेतलेला तो स्नॅपशॉट होता. तो मूळ डिस्कमध्ये मिसळून टाकायलाही थोडी जागा लागते, म्हणून आधी दोन जुनी व्हीएम दुसऱ्या स्टोरेजवर हलवावी लागली. हिशेबनीस संध्याकाळपर्यंत दारात उभे होते.

पोपेक-गोल्डबर्ग यांच्या त्या पूर्ण ताब्याच्या अटीचे दुसरे टोक २०२३ च्या फेब्रुवारीत जगाला दिसले. ईएसएक्सच्या पुढच्या रूपातील, म्हणजे ईएसएक्सआयमधील, ज्या त्रुटीवर दोन वर्षांपूर्वीच दुरुस्ती उपलब्ध झाली होती, तिचाच वापर करून अनेक देशांतील हजारो हायपरव्हायझर खंडणीखोरांनी कुलूपबंद केल्याचे समोर आले. प्रत्येक व्हीएममध्ये अँटीव्हायरस असून उपयोग नव्हता, कारण घाव त्यांच्या खालच्या थरावर होता. ज्यांचा बॅकअपही त्याच यंत्रावर होता, त्यांच्या हाती काय उरले असेल याची कल्पना करता येते. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रावरील हालचालींच्या नोंदी, जपणे बंधनकारक आहे. ते लॉग त्याच हायपरव्हायझरवर ठेवले, तर हल्ल्यात तेही जातात.

त्याच वर्षी नागपूरने वेगळा धडा घेतला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत, सीताबर्डीच्या परिसरात शिरले. तळमजल्यावरचे यंत्र पाण्याखाली गेले की त्यावरचे सगळे व्हीएम एकदमच जातात. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या जागी, हा जुना नियम त्यानंतर आपल्याकडे अधिक गांभीर्याने घेतला जायला हवा होता. माझ्या पाहण्यात तरी दुसरी जागा बहुधा त्याच इमारतीचा वरचा मजला असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतले आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. वार्षिक शुल्क परवडत नाही म्हणून लहान-मध्यम उद्योग आता केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्सकडे किंवा हायपर-व्हीकडे वळत आहेत. या स्थलांतरात सहसा प्रत्येक व्हीएमची डिस्क नव्या स्वरूपात बदलावी लागते. हिंगण्याच्या त्या कारखान्यात हे काम सध्या सुरू असून, हलवण्यापूर्वी प्रत्येक व्हीएमवरचे स्नॅपशॉट काढून टाकले जात आहेत आणि बॅकअपमधून ते एकदा वेगळ्या यंत्रावर उभे करून पाहिले जात आहे. पहिल्या आठवड्यात उभ्या केलेल्या चारांपैकी एक सुरूच झाले नाही.